बुवा जामीन राहिले ती सोयरीक

मंडळी, आज सरळ प्रश्न विचारतो. एखादी गोष्ट ठाऊक असली, म्हणजे माणूस वाचतो का? घाई नको. आधी ऐका, मग बोला.

एक गाव होतं. नाव सांगणार नाही, नाहीतर तुम्ही कीर्तन सोडून तिथले पाहुणे आठवत बसाल! तर त्या गावात आरोग्य खात्याची शेवंताताई कागद घेऊन दारोदार फिरली. एचआयव्ही कशानं होतो, सांगा. अहो, काय ती उत्तरं! असुरक्षित संबंधानं, दूषित सुईनं, दूषित रक्तानं, आईकडून बाळाला — पाढे म्हणावेत तशी! डास चावून? नाही! एका ताटात जेवून? नाही! ताई खूश. मग तिनं विचारलं, तुम्हाला स्वतःला धोका आहे का? झालं! वरची आळी म्हणाली, खालच्या आळीला असेल. खालची म्हणाली, ट्रकवाल्यांना असेल. ट्रकवाले म्हणाले, आम्हाला कशाला? आम्ही माळकरी! — हसू नका. पहिली रांग तर अजिबात हसू नका.

त्या ट्रकवाल्यांतला एक सुदाम. इंदूरपर्यंत गाडी न्यायचा. पाच-सहा वर्षं वाटेत नको ते सगळं केलं. मग पस्तावला, एका बुवांचे पाय धरले, गळ्यात माळ घातली. दारू सुटली, मटण सुटलं, बाहेरचा नाद सुटला. बुवा म्हणाले, "जा, धुतला गेलास!" आता हे बुवा कोण? मीच की! हा तुमच्यासमोर उभा आहे ना, तोच शहाणा!

पुढं सुदामाची सोयरीक जमली. मुलगी कालिंदा, शिवणकाम करणारी. सुपारी फोडायला बैठक बसली. पत्रिका जुळली, छत्तीसपैकी एकोणतीस गुण! मुलीचे वडील तात्या, त्यांनी मला विचारलं, मुलगा कसा आहे? माझ्या तोंडात पोहे होते, तरी थांबलो नाही. म्हणालो, मी जामीन, माझ्या हातची माळ आहे!

तेवढ्यात कालिंदा बोलली.

"महाराज, माळेच्या आधीचं काय? रक्त तपासलंय का त्यांनी?"

बैठक गार! सुदामाच्या आईनं कप बशीत आपटला, तात्यांनी पोरीवर डोळे वटारले. आणि मला? खोटं कशाला बोलू, फार राग आला. म्हणालो, पोरी, माळेवर संशय घेतेस?

"माळेवर नाही," ती म्हणाली. "मी पण रक्त देते. दोघं बरोबर जाऊ."

सुदाम तपासणीला जायला उठला. त्याला काय ठाऊक नव्हतं? ताईच्या कागदावर त्याची सगळी उत्तरं बरोबर होती हो! पण माळ घातली की मागचं सगळं रक्तातूनही जातं, असं धरून चालला होता. हे त्याला कुणी शिकवलं? मी!

तपासणी झाली. तिची निगेटिव्ह आली. त्याची पॉझिटिव्ह.

त्यानं स्वतः तिच्या घरी जाऊन सांगितलं. सुपारी फुटली नाही. मग माझ्याकडे आला आणि रडला. म्हणाला, "महाराज, तिनं विचारलं नसतं, तर तुम्ही अक्षता टाकल्या असत्या." खरंच, टाकल्याच असत्या!

आता तोंडं पाडू नका! सुदाम सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणतो, रोज न चुकता घेतो. धडधाकट आहे, गाडी चालवतो, माझ्या दुप्पट भाकरी खातो! नाव बदलून सगळ्यांना सांगा, असं त्यानंच मला बजावलंय.

तर मंडळी, देव मागचं माफ करतो, पण रक्त तपासत नाही. ते काम आपल्या आरोग्यताईंचं. त्या आज देवळामागच्या खोलीत बसल्यात. दार बंद, नाव गुप्त. मी सकाळीच दंड पुढं केला. सुई पाहून घाम फुटला, बायको म्हणाली, तुम्हाला हो कशाला? मी म्हटलं, हेच तर सगळं गाव म्हणतं!

तुम्ही माळकरी आहात, ठाऊक आहे मला. निम्म्यांच्या गळ्यात माळ मीच घातलीय. पण आता कुणालाच जामीन राहणार नाही. उठा.