पुढचा कॅमेरा

मालविका : काका, तिसऱ्यांदा सांगते. क्लेम रिजेक्ट झालाय. हेड ऑफिसने लिहिलंय, पुढच्या कॅमेऱ्यात बाहेरून केमिकल गेलंय. ते वॉरंटीत येत नाही.

अविनाश : कसलं केमिकल? धनतेरसला घेतलाय फोन. सात महिने जिवापाड जपला. पाऊण तास तेच तेच ऐकतोय मी. मराठी बाई दिसली म्हणून तुमच्या काउंटरवर आलो, तर तुम्ही बाकीच्या गुजराती पोरांपेक्षा कडक!

मालविका : मी इथल्या नागरवाड्याची मराठी आहे म्हणून कंपनी माझं ऐकते, एम नथी, तसं नाही काका. जुओ, हा बघा मोठा केलेला फोटो. भिंगावर आतून पांढुरकं दिसतंय ना?

अविनाश : मला काही दिसत नाही.

विमल : अहो, दिसतंय की. साबणाचा फेस वाळल्यासारखं.

अविनाश : विमल, तू तिकडे खुर्चीवर बस ना जरा.

विमल : बसून बसून पाठ धरली. सात वाजून गेले. साडेसात ही आभाची, आमच्या मुलीची, फोनची वेळ.

मालविका : पण काकू, कॉल तर लागतो. फक्त व्हिडिओ नाही. मुलीशी बोलता येईल ना?

अविनाश : कसं बोलू? ऐकू येत नाही तिला. जन्मापासून. पुण्याला कॉलेजात आहे, हॉस्टेलवर. आम्ही हातांनी बोलतो. कॅमेरा नाही, तर या फोनचं मी काय करू?

मालविका : सॉरी काका. मला माहीत नव्हतं. मागच्या कॅमेऱ्याने नाही जमत?

अविनाश : करून बघितलं. फोन उलटा धरला की तिला मी दिसतो, पण मला ती दिसत नाही.

विमल : आणि माझा फोन बटणांचा. तीन महिने सगळं धुरकट होत गेलं, पंधरा दिवसांपासून तर काहीच नाही. नुसतं लिहून चाललंय. तिचं लिहिणं तुटक, यांचं त्याहून. परवा तिने लिहिलं, बाबा रागावले का.

अविनाश : म्हणून म्हणतो, बदलून द्या. पाण्याचा थेंब लागू दिला नाही मी.

मालविका : पाणी नाही काका, केमिकल. साफ करायला काही लावलं होतं? सॅनिटायझर?

अविनाश : नाही.

विमल : थिनर म्हणजे केमिकलच ना हो?

अविनाश : विमल!

विमल : ओरडू नका. ती बिचारी मघापासून नीट बोलतेय, तिच्याशी खोटं कशाला?

मालविका : थिनर?

अविनाश : लावायचो. रोज. लिहा काय लिहायचं ते! गोरव्याला कारखान्यात फिटर आहे मी. आत कुणी फोटो काढू नये म्हणून गेटवर वॉचमन दोन्ही कॅमेऱ्यांवर स्टिकर चिकटवतो. संध्याकाळी स्टिकर निघतं, गोंद राहतो. नखाने जात नाही. मग पेंटवाल्याकडून थिनरचा बोळा घ्यायचा आणि घासायचं. तिला बोटं नीट दिसावीत म्हणून.

मालविका : आणि ते वरच्या स्पीकरच्या फटीतून आत गेलं.

अविनाश : तिथे फट असते हे मला काय ठाऊक! स्टिकर मी मागितलं होतं? तुमची कंपनी विचारते केमिकल का लावलं, आमची विचारते फोन का आणला. मी जायचं कुणाकडे?

मालविका : हे मला सांगायला नको होतं काका. आता लिहावं लागेल.

विमल : लिही ना बाळ. पण स्टिकरचंही लिही.

मालविका : सगळंच लिहिते आणि परत पाठवते. कारखान्याचं एक पत्र आणा, गेटवर रोज स्टिकर लावतात असं.

अविनाश : ठेकेदाराचा माणूस मी. पत्र मागितलं तर म्हणतील, फोन घरी ठेवून ये.

मालविका : मग गेटवर नियमाची पाटी असेल ना? रस्त्यावरून तिचा फोटो काढा. मागचा कॅमेरा चालतो ना?

अविनाश : तो चालतो.

मालविका : बस. पण मी वचन नाही देत हां. दहा दिवस लागतील, आणि पुन्हा नाहीसुद्धा म्हणतील.

विमल : दहा दिवस! चला हो, पंचवीस झाले. पोर वाट बघत बसेल.

मालविका : थांबा काकू. आभाचा नंबर सांगा, माझ्या फोनवरून लावते. शटर जरा उशिरा पाडू.

(मालविका आपला फोन काउंटरवरच्या पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करते. पडद्यावर आभा येते. अविनाश दोन्ही हात वर करतो.)

मालविका : किती भरभर हात चालतात हिचे! काय म्हणते?

विमल : रागावला नव्हतात ना, म्हणते. हे म्हणाले, फोन आजारी होता. हसली बघ. आता... थांब. विचारते, बाबा, बोटांना काय झालं?

मालविका : अरे, खरंच की. कातडी सोललीय सगळी. थिनरने?

विमल : मला म्हणायचे, कामावर घासतं.

मालविका : तिला काय सांगतायत?

विमल : कालच लागलं म्हणून.

मालविका : आणि ती?

विमल : ती म्हणते, दुसरा हात दाखवा.