उलट्या पानावरची पोथी

जमलेल्या मंडळींनो,

इथे उभं राहून बोलायचं काल कबूल केलं आणि तेव्हापासून पस्तावतो आहे. माझं लिहिणं चारचौघांना चिमटे काढायचं. त्या हाताला कोणाचे डोळे पुसायची सवय नाही. सांभाळून घ्या.

केशव गेला. हिवतापाने गेला. आमची घरं शेजारी, शाळेतही बसायचो शेजारी. त्याचे वडील उपाध्ये, आणि त्यांच्याच पोटी हा मुलगा, ज्याला अक्षर लागेना. बोलायला चलाख. परवचा आमच्या आधी पाठ. पण पाटी पुढे केली की गप्प. मला म्हणायचा, "काल भेटलेलं अक्षर आज ओळखच देत नाही रे."

मास्तरांनी छडी वापरली. आईने डोक्यावर मालकांगोणीचं तेल चोळलं, ब्राह्मीचा रस पाजला. ग्रामदेवतेला कौल लावला. देवाने उजवा दिला, म्हणजे होईल म्हणाला. देवही आमच्याच गावचा. त्याला तरी दुसरं काय सुचणार?

शाळा सुटली. जाताना एक शब्द मिळाला: ढ.

मग वडिलांनी त्याच्याकडून सगळं तोंडी घोकून घेतलं. पोथी समोर ठेवायची, पाठ म्हणायचं, अंदाजाने पान उलटायचं. वडिलांमागे बरीच वर्षं असं चाललं. एका श्रावणात खालच्या आळीत वाचन होतं. पोथीची पानं सुटी असतात. पूजेच्या गडबडीत कोणीतरी ती सारखी केली आणि उलटी ठेवली. केशव वाचत राहिला. कुठे अडला नाही, कुठे चुकला नाही. यजमानांच्या काकी पुढे वाकून म्हणाल्या, "भटजी, पोथीने शीर्षासन घातलंय की."

सगळी आळी हसली. मी तेव्हा मुंबईस होतो, म्हणून त्या हसण्यातून सुटलो.

दुसरा शब्द त्या दिवशी मिळाला: लबाड. यजमान तुटले. पोथी म्हणणारा केशव जेवणावळीत पाणी वाढू लागला. एकाच वेळी ढ आणि लबाड असायला माणूस किती हुशार लागतो, याचा विचार कोणी केला नाही.

मंडळी, हे सगळं त्याने गिळलं. पण त्याची मुलगी यमू आठ वर्षांची झाली, आणि तिलाही अक्षरं ओळख देईनात. मास्तर म्हणाले, घरी बसवा.

केशव अंथरुणाला खिळला होता तेव्हा मी गेलो. मला म्हणाला, "आजारी म्हणावी, तर तिला ताप नाही. आळशी म्हणावी, तर दिवसभर पाटी सोडत नाही. तू शब्दांवर जगतोस ना, शिंच्या? मग तिच्यासाठी एक शब्द दे. लोकांना सांगता येईल असा. माझे दोन्ही नकोत."

मी म्हटलं, "बघतो."

"लवकर बघ," म्हणाला.

मी बघितलं. कोश चाळले. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी यमूची जीभ बघितली. वैद्यांना विचारलं, त्यांनी मालकांगोणी सांगितली. गावातल्या कोणाचीही टोपी उडवायला मला शब्द कमी पडलेला नाही. या एका पोरीसाठी पडला. केशव वाट बघत गेला.

यमू तिकडे आत्याजवळ बसली आहे. मास्तर, आपणही आला आहात. तिला घरी बसवू नका, एवढीच विनंती. शाळेत ठेवली तर तिला वाचता येईल, असं मी सांगू शकत नाही. मला माहीत नाही. इथे कोणाला माहीत आहे का?

नसेल, तर आता आपण उभे राहू. केशवाला नमस्कार करू, आणि थोडा वेळ कोणीच काही बोलायचं नाही. निदान तेवढा वेळ तरी तिला कोणी काही म्हणणार नाही.