होम प्लेटवर पाय नाही

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. आमच्या तालुक्याला एकच कॉलेज, आणि त्या कॉलेजला बेसबॉलचा नाद कुठून लागला ते मला विचारू नका, घाडगे सर म्हणून खेळाचे सर होते, त्यांनी आणला एवढंच ठाऊक. क्रिकेट पोरं खेळतात, पोरींनी हे खेळायचं, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. मी कॅचर होते, म्हणजे बॅटवाल्या पोरीच्या मागं उकिडवं बसायचं आणि येईल तो चेंडू धरायचा. आज हे गुडघे दुखतात ते त्याचंच, बसले की उठवत नाही. पण काय सांगू तुम्हाला, विद्यापीठाची ढाल आम्ही आणली, आणि एकदाच नाही हो, लागोपाठ आणली, प्राचार्यांच्या खोलीतलं काचेचं कपाट भरलं तेव्हा कप कपाटाच्या डोक्यावर ठेवायला लागले. दुसऱ्या कॉलेजच्या पोरी आल्या की आधी ते कपाट बघायच्या आणि गप्प व्हायच्या.

आता खंडेनवमीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. खंडेनवमीला सुतार करवतीची पूजा करतो, शिंपी मशीनची करतो, तशी आमचे सर मैदानात बॅटी आणि हातमोजे मांडून पूजा करायचे. होम प्लेटचीही. होम प्लेट म्हणजे जमिनीत बसवलेली पांढरी रबराची फरशी, चारी कोपऱ्यांची फेरी मारून पळत यायचं आणि तिला पाय लावायचा, की पंच दोन्ही हात बाजूंना पसरून सेफ म्हणतो, झाली एक रन; त्याआधी कॅचरनं चेंडू अंगाला टेकवला तर आउट. तिला हळदकुंकू वाहिलं, तिच्यापुढं नारळ फोडला, आता तिच्यावर बूट ठेवायचा कसा, तुम्हीच सांगा. आम्ही वाकून हात लावायला लागलो. हात लावला तरी नियमात बसतं. सर ओरडायचे, अगं पाय ठेव, वाकण्यात वेळ जातो, पण आम्ही जिंकत होतो, त्यामुळं त्यांचं काही चाललं नाही.

मग लग्न झालं. हे जहाजाच्या इंजिनवर, म्हणून सिंगापूर. तिथल्या क्लेमेंटी भागात भाड्याचा फ्लॅट, मुलगी इथंच वाढली, मी एका चाइल्डकेअरमध्ये लागले. दिवसभर उभं राहायचं, लोकांची पोरं भरवायची, झोपवायची, आणि घरी येऊन पुन्हा स्वयंपाकाला उभं राहायचं. बेसबॉल कुठला आणि काय कुठलं. मी मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये जुन वेई नावाचा कॉलेजचा मुलगा खोली घेऊन राहायचा. एकदा कामावरून आले तर त्याच्या दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये कॅचरचा हातमोजा वाळत टाकलेला. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि हात आत घातला. तेवढ्यात दार उघडलं, म्हणाला, आंटी, यू प्ले आह? मी म्हटलं, यस. बस, तेवढंच बोलले आणि रडायलाच आलं मला, कशासाठी ते देव जाणे.

त्याच्या कॉलेजच्या टीमला कोच उरला नव्हता. जुन्या मुलांनी कधीकाळी दोनचार कप आणलेले, नंतर सगळी पडझड, आणि खेळांच्या ऑफिसनं सांगून टाकलेलं की यंदा पदक आलं नाही तर टीम बंद, मैदान दुसऱ्या खेळाला. आंटी, हेल्प लाह, म्हणाला, इथली पोरं असं आह, लाह, मेह लावूनच बोलतात. मुलगी म्हणाली, आई, सो ओल्ड ऑलरेडी, स्टिल वाँट टू प्ले मेह? हे म्हणाले, जा, नाहीतरी घरी बसून गुडघेच चोळतेस.

म्हणून शनिवारी जायला लागले. उन्हात नुसतं उभं राहूनच जीव जायचा. खंडेनवमी आली तेव्हा मी प्लेटला हळदकुंकू वाहिलं आणि म्हटलं, एक नारळ आणा. तर त्या शहाण्यांनी हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांतून, हिरवं शहाळं आणलं, ते फुटेना, आपटलं की उडी मारून बाजूला जायचं, सगळी पोरं हसून लोळली. शेवटी त्याला स्ट्रॉ लावून सगळ्यांनी तीर्थासारखं प्यायलं. पण कुंकू लावलेल्या प्लेटवर पाय ठेवायला एकही धजेना. मी त्यांना काही शिकवलं नव्हतं हो, फक्त पळून आल्यावर सवयीनं मीच वाकले, हात लावला, आणि त्यांनी ते उचललं. मीसुद्धा घाडगे सरांसारखी ओरडले, मॅचमध्ये पाय, मॅचमध्ये पाय! यस आंटी, यस आंटी म्हणायचे.

पदकाची मॅच आली. शेवटचा डाव, शेवटचाच गडी, बरोबरी करायला एक रन हवी, जुन वेई तिसऱ्या कोपऱ्यावरून सुटला. चेंडू लांब होता, पाय टाकला असता तर सहज पोचला असता. आणि प्लेटपाशी येऊन तो वाकला. समोरच्या कॅचरनं चेंडू घेतला आणि त्याच्या मनगटावर टेकवला. बोटं आणि प्लेट यांच्यात इतकंसं अंतर. आउट.

तो तसाच वाकलेला राहिला. नंतर म्हणाला, आंटी, हात आपोआप गेला. मला त्याचा राग आला नाही, माझाही आला नाही, नुसता थकवा आला, असा थकवा मला बाळंतपणातसुद्धा आला नव्हता. टीम बंद झाली. गावाकडच्या कॉलेजातही आता बेसबॉल नाही म्हणतात, कपाट कुठल्याशा खोलीत नेऊन ठेवलंय. दोन्हीकडचं संपलं.

मैदान सपाट करायच्या आधी जुन वेईनं ती प्लेट उपटून माझ्याकडं आणली. फेकून देणार होते म्हणाला. आता ती ठेवायची कुठं? देवापुढं ठेवता येत नाही, पायपुसण्यासारखी टाकवत नाही. शेवटी दाराच्या आत, चपलांच्या रॅकशेजारी भिंतीला टेकवून ठेवली. हे म्हणतात, रबराचा तुकडा आहे तो, मंदा. असू दे.

जुन वेई आता तांजोंग पगारला, त्या ऑफिसांच्या भागात, नोकरी करतो, टाय लावतो, महिन्यातून एखाद्या रविवारी माझ्याकडं वरणभात खायला येतो. परवा आला, बूट काढले, वाकला आणि प्लेटला हात लावला, सावकाश, पूर्ण तळवा टेकवून. मी कणीक मळत होते. पिठाचे हात तसेच दोन्ही बाजूंना पसरले आणि म्हटलं, सेफ.

तो हसला नाही. मान हलवली आणि जेवायला बसला. देव त्याचं भलं करो. मला आता पोळ्या लाटायच्यात, तुम्हीपण बसा.