अमावस्येला क्लाउडवर

क्लाउडचं मला काय सांगता! आमची अख्खी कंपनी क्लाउडवर कधी जाणार, हे मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघून ठरवलंय.

आमचा कांदा सुकवायचा मोठा कारखाना. सगळा कारभार क्लाउडवर न्यायचा, तर एक दिवस सिस्टीम बंद ठेवावी लागणार होती. तेवढ्यात गेटवर गाड्या अडकल्या की कांदा सडलाच. पुण्याहून आलेला सल्लागार म्हणाला, "रविवारी करू."

मी आवक विभागात. म्हटलं, "शनिवारी लासलगावला भरलेल्या गाड्या रविवारीच येतात. रांग पार द्वारका चौकापर्यंत जाईल!"

मग त्याने पडद्यावर वर्षभराच्या आवकेचा आलेख लावला. दर महिन्याला एक दिवस रेघ एकदम तळाला.

"ही डेटातली चूक आहे, सोडून द्या."

"चूक कसली? अमावस्या आहे ती! त्या दिवशी आमचे व्यापारी गाडी गेटवर आणतच नाहीत. तेव्हाच उरका."

आमचे मॅनेजर, देशमुख साहेब, खुर्चीतून उठलेच. "अमावस्येला नवं काम? डोकं ठिकाणावर आहे ना, बाई?"

"साहेब, सगळे असंच म्हणतात, म्हणून तर तो दिवस मोकळा असतो!"

अमावस्येला सकाळी सिस्टीम बंद केली, आणि दुपारच्या चहाला सगळं क्लाउडवरून सुरू. गेटवर एकही गाडी अडकली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब नारळ घेऊन माझ्या टेबलाशी हजर.

मी म्हटलं, "काम तर काल झालं, साहेब."

"असू दे. मुहूर्त आजचा आहे," म्हणाले, आणि नारळ फोडायला माझ्याच हातात दिला.