लाल पेनाची ओळ

डॉक्टर : फाड तो केस पेपर आणि नवीन कर. बीपी एकशे तीस-ऐंशी लिही, विषय संपला.

बर्था : तुमचा संपला असेल. विठ्ठलकाकांचं बीपी नव्वद-साठ होतं. माझ्या हाताने घेतलंय. दोनदा.

डॉक्टर : हळू बोल. बाहेर पेशंट बसलेत.

बर्था : बसू देत! सकाळी मी हळूच बोलले ना तुमच्या कानाशी? काकांना दरदरून घाम सुटलाय, ईसीजी काढू या म्हणून? तुम्ही काय म्हणालात? "गॅस आहे. तू सुया मार, डॉक्टरकी करू नकोस."

डॉक्टर : गॅसच वाटला मला. चाळीस पेशंट होते. मीही माणूस आहे, बर्था.

बर्था : काका पण माणूसच आहेत. आयसीयूत पडलेत आता.

डॉक्टर : म्हणूनच सांगतोय! मुलगा पेपर न्यायला येतोय. उद्या अख्खं अर्नाळा गाव घेऊन आला तर दवाखाना फोडतील माझा.

बर्था : तो भांडायला नाही येत. दुखणं कधीपासून होतं, आपण इंजेक्शन कसलं दिलं, हे तिथल्या डॉक्टरांना हवंय. खोटे आकडे वाचून ते काय डोंबल उपचार करणार?

डॉक्टर : आणि पेपरवर खाली ती ओळ? ती कोणी लिहायला सांगितली होती?

बर्था : तुम्हीच शिकवलंत. चंद्रकांताबाईंना पेनिसिलिन चालत नाही, हे गेल्या वर्षी मी तोंडी सांगितलं. तरी तुम्ही तेच दिलंत. बाई सुजल्या, तेव्हा त्यांच्या सुनेसमोर तुम्ही हात वर केलेत. "सिस्टर बोललीच नाही." त्या दिवसापासून लिहिते. लाल पेनाने.

डॉक्टर : सिस्टर! कसली सिस्टर? नंदाखाल गावातली दहावी झालेली पोरगी तू. बीपी बघायला मी शिकवलं तुला. एक तरी सर्टिफिकेट आहे? चौकशी झाली तर पहिली तूच अडकशील.

बर्था : अडकेन. एकोणीस वर्षं तुम्ही दुपारी जेवायला गेलात की सलाईन मीच लावत होते, तेव्हा नाही मागितलंत सर्टिफिकेट! लोकांपुढे "आमच्या सिस्टर", आणि अंगाशी आलं की दहावीची पोरगी. गरज सरो नि वैद्य मरो ऐकलं होतं. इथे वैद्यच म्हणतोय, सिस्टर मरो!

डॉक्टर : तो पेपर दिलास, तर उद्यापासून येऊ नकोस.

(दार ढकलून भावेश आत येतो.)

भावेश : सिस्टर, बाबांचा पेपर मिळेल काय? रिक्षा उभी ठेवलीय.

डॉक्टर : बस, भावेश. पाच मिनिटं. सिस्टर नीट लिहून देतायत...

बर्था : नीटच लिहिलाय. हा घे. हाच द्यायचा तिथे, दुसरा कोणी दिला तरी घेऊ नकोस.

भावेश : हे खाली लाल काय हाय? चष्मा नाय आनला मी.

बर्था : मी वाचते. "सकाळी दहा वीस. बीपी नव्वद-साठ. खूप घाम, डावा हात जड. ईसीजी काढावा, असं डॉक्टरांना सांगितलं."

भावेश : आनि डॉक्टर काय बोलले?

बर्था : त्यांनाच विचार. समोर बसलेत.