दादाचा अंगठा

चहा घ्या आधी, मग हसा. दादा जाऊन दोन महिने झाले, ते तुम्हाला ठाऊकच आहे. परवा मी आमच्या पाम गावातल्या रेशन दुकानात गेलो. मशीनवर अंगठा लावला, तर दुकानदार म्हणाला, “तुमचं धान्य पाच तारखेलाच उचललंय.”

“कोणी?”

“तुज्या दादानं. हा बघ, त्याचा अंगठा लागलाय.”

“शेठ, तो मेला!”

“मशीन खोटं बोलत नाय.”

माझं डोकंच सरकलं. घरात तांदळाचा दाणा नव्हता. मी सरळ वजनकाट्यावर जाऊन बसलो. “मग दादा येईपर्यंत मी उठत नाय!”

रांगेतल्या बायका खो खो हसायला लागल्या. एक काकी ओरडली, “शेठ, याची आता तांदळानं तुला करा!”

शेठला घाम फुटला. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “बाबा, तुजे तांदूळ देतो, वर दोन किलो जास्त देतो. पण बोंबलू नको, उठ.”

मी उठलो, पिशवी पुढे केली. म्हटलं, “द्या. पण पुढच्या महिन्यात दादा अंगठा लावायला आला, की त्याला बसवून ठेवा. मी बोईसरच्या कंपनीतलं काम टाकून धावत येतो.”