बाबांनी चाखलेला समुद्र

आपल्या वडिलांना समुद्र दाखवायचा विचार असेल, तर आधी माझं ऐका.

मी पोर्तुगालला नोकरीला लागल्यापासून बाबा तिकडे एकदाच आले. आमचं शेत भातकुलीकडचं, खारपाणपट्ट्यातलं. कितीही खोल बोर मारा, पाणी खारंच लागतं. त्यामुळे आमच्याकडचा माणूस कुठंही गेला तरी आधी पाणी बघतो. चार दिवस मी त्यांना जुनी गावं फिरवली. पाचशे वर्षांचा किल्ला दाखवला, तर म्हणाले, "विहीर कुठं हाये?" विहीर सापडली, पण कोरडी. "मंग राहत कसे होते लोकं?" म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

शेवटी समुद्रावर नेलं. निळाशार, नजर पोचणार नाही एवढा. एकदा तरी 'चांगलं आहे' म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी चपला काढल्या, पाण्यात गेले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले.

"बाबा, समुद्र आहे तो!"

"दिसून राहिला मले."

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. बाबांनी फोन समुद्राकडे फिरवला.

"अवो माय, केवढं पाणी!" आई म्हणाली. "पोरगा सुखात हाये नं तिथं?"

बाबांनी फोन परत आपल्याकडे वळवला. मग म्हणाले, "कायचा सुखात! एवढ्या दूर आला, अन् इथंबी पाणी खारंच लागलं त्याले."